दादाचा काळा बो

सोमवार, ३ नोव्हेंबर

दादाच्या गळ्याला हात घालावा असं मला आयुष्यात पुष्कळदा वाटलं. आज त्याने आपण होऊन मान पुढे केली. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॉलर उभी, गळ्यात काळ्या रेशमाची मोकळी पट्टी. दोन्ही हात खिशात. म्हणाला, "बोटं थरथरतात हल्ली. बो तू बांध."

मी! माझ्या बुटाच्या नाड्या दिवसातून दोनदा सुटतात. कसा बांधतात ते तरी सांग, म्हटलं. तर म्हणे, तू शिकलेली आहेस, काढ शोधून. शेवटी फोनवर एका गुळगुळीत दाढीच्या माणसाचा व्हिडिओ लावला. आधी आरशासमोर स्वतःच्या गळ्यात बांधून पाहिला, मग दादाच्या समोर उभी राहून त्याच्या. पहिला बो मेलेल्या वटवाघळासारखा झाला. चौथा जरा जिवंत वाटला. तोच घालून तो हॉटेलात पियानो वाजवायला गेला.

घरात माझी पुस्तकं पलंगाखाली आणि त्याचे दोन टक्सिडो, म्हणजे वाजवताना घालायचे काळे सूट, कपाटात, हा आमचा जुना वाद. एक अंगावर, एक लॉन्ड्रीत असला तरी जागा त्यांचीच. वहिनी गेल्यावर मी इथे राहायला आले, तेव्हाही त्या कपाटातला एक हँगर मला मिळाला नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आजही बांधला. बरा जमला. दादा आरशात बघून म्हणाला, "तुझ्या लेखांपेक्षा नीटनेटका आहे."

बो तेवढा सरळ केला. थरथरणाऱ्या माणसाला टोमणा मारायचा म्हणजे अगदीच झालं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलतो. त्याला भीती कशाची ते मला ठाऊक आहे. त्याचा हॉटेलशी करार या महिन्यात संपतो. मॅनेजरला जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीतले स्पीकर बसवायचे आहेत. स्पीकर जेवत नाहीत, रजा मागत नाहीत, म्हातारे होत नाहीत. पियानोवाल्याची बोटं थरथरतात हे कानावर जायचा अवकाश!

आणि पियानो गेला की दादाचं काय उरलं? घरात पियानो नाही. आमच्या जिन्यातून फ्रिज वर आला नाही, तो खिडकीतून दोरीने ओढून घेतला. दादा आयुष्यभर दुसऱ्यांच्या पियानोवर वाजवत आला. ते हॉटेल सुटलं तर तो उरलेले दिवस जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत बसेल आणि मी समोर बसून बघेन.

म्हणून कुणाला सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईने गुपित राखायचं म्हणजे मांजराने दूध राखण्यातला प्रकार.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मी म्हटलं, तयार बांधलेला, मागे हुकाचा बो मिळतो, तो का नाही आणत? बाजारात ढीग पडलेत. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याला खोटे दात बसवायला सांगतेय.

कारण मला माहीत होतं, पण गंमत म्हणून सोडून दिलं होतं. त्या हॉलमध्ये संध्याकाळ कशी संपते, तर शेवटचा वॉल्ट्झ, ती जोडीने नाचायची धून, वाजवून दादा उठतो, उजव्या हाताने बोचं टोक ओढतो. गाठ सुटते, दोन्ही टोकं छातीवर लोंबतात. झालं. लोक टाळ्या वाजवतात, वेटर बिलं घेऊन निघतात. घंटा नाही, दिवे मिचकावणं नाही. लोक म्हणे खास त्यासाठी शेवटपर्यंत थांबतात. बेचाळीस माणसांच्या स्वयंपाकघराला भांडी घासायची वेळ झाली हे दादाच्या गळ्यावरून कळतं.

हुकाचा बो ओढला तर सगळाच हातात येईल. मेलेल्या पालीसारखा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दादासोबत वाजवणारा बासवाला आज चहाला आला. माणसाएवढं व्हायोलिन वाजवतो, स्वतः मात्र काडीसारखा. दादा आंघोळीला गेल्यावर मला म्हणाला, "ताई, मास्तरांचं कुठे काही जमलंय का? मॅनेजर म्हणतो, हल्ली बो दुसऱ्याच्या हातचा दिसतो. बाईच्या."

मी म्हटलं, असेल, मला काय सांगतात ते.  साठी उलटलेल्या दादाचं प्रेमप्रकरण ही बातमी परवडली. दुसरी नको.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लिहवत नाहीये, पण लिहिते.

आज एका लग्नाच्या पंचविशीची मेजवानी होती. हॉल भरलेला, सगळे पुरुष काळ्या टक्सिडोत. पुरुषांनी इतका खटाटोप करून शेवटी एकमेकांसारखं दिसायचं, याला समारंभ म्हणतात. मी मैत्रिणीचा लांब काळा झगा घालून स्वयंपाकघराच्या दाराशी टेबल मिळवलं होतं. श्वास घेतला की शिवण बोलत होती.

दादा सुरेख वाजवत होता. शेवटचा वॉल्ट्झ संपला. तो उठला, उजव्या हाताने बो ओढला.

सुटला नाही.

पुन्हा ओढला. गाठ आवळली. लोक हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. तिसऱ्यांदा त्याने दात खाऊन ओढला, तेव्हा मान लाल झाली आणि हसणं थांबलं. हॉलमध्ये चमच्याचाही आवाज नाही. मी उठले, तर झग्यावर माझाच पाय. दादाने एकदा इकडेतिकडे पाहिलं, खाली बसला आणि तोच वॉल्ट्झ पुन्हा पहिल्यापासून वाजवला. सगळा. लोकांना वाटलं, काय सावरून घेतलं! बासवाल्याने मागून येऊन गाठ सोडवली तेव्हा कुठे टाळ्या पडल्या.

मॅनेजर बाहेर भेटला. मला नमस्कार केला, दादाला म्हणाला, "मास्तर, पुढच्या शनिवारी मालक जेवायला येताहेत. त्यांच्यासमोर असं नको. त्यानंतर कराराचं बोलू."

घरी आल्यावर दादाने गळ्यातली पट्टी काढून माझ्या हातात दिली. 

रविवार, १६ नोव्हेंबर

चूक माझी! लोणच्याच्या बरणीच्या गळ्याला बो बांधून दिवसभर बसले होते, तेव्हा उमगलं.

बोच्या प्रत्येक बाजूला दोन पाकळ्या. एक दुमडलेली, एक टोकाची. टोक ओढलं तर गाठ सुटते, दुमड ओढली तर आवळते. स्वतः बांधला की उजव्या हाताला पुढे टोक येतं. दादाचा हात वर्षानुवर्षं तिथेच जातो. पण मी बांधते त्याच्या समोर उभी राहून! माझं उजवं ते त्याचं डावं. टोकाच्या जागी दुमड आली. एवढे दिवस तो दुसरं टोक चाचपून वेळ मारून नेत असणार. परवा गर्दीत जुन्या सवयीने हात गेला.

म्हणजे माझ्याच हातांनी मी त्याला भर सभेत फासावर चढवलं.

दादाला सगळं समजावलं. तो लक्षपूर्वक ऐकत होता, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. मग म्हणाला, "बरं. तू म्हणतेस तसं."

बुधवार, १९ नोव्हेंबर

आता स्टुलावर चढून त्याच्या मागे उभी राहते, खांद्यांवरून हात पुढे घालते, आरशात बघून बांधते. जणू माझ्याच गळ्यात. आरशात दोन डोकी एकावर एक. दादा म्हणतो, "वहिनी बघती तर म्हणाली असती, भूत मानगुटीवर बसलंय."

मी म्हटलं, ती तुला अहो म्हणायची, तू तिला वहिनी कसं म्हणतोस? तर म्हणे, "तेच ते. तुझी वहिनी."

बो छान झाला. ओढला, सुटला. पुन्हा बांधला. पुन्हा सुटला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. लेख दिला नाही. संपादकाचा फोन उचलला नाही. आता निघतो.

रविवार, २३ नोव्हेंबर

सुटला!

एका झटक्यात. टोकं छातीवर अशी आली, जशी आजवर येत होती. मालकीणबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मॅनेजरने तिथेच हात मिळवला. आणखी एक वर्ष. स्पीकरचं नंतर बघू म्हणाला.

बासवाला हसत सांगत होता, मास्तरांनी आज वॉल्ट्झचा मधला तुकडाच गाळला, मला धावत गाठावं लागलं, लोकांना पत्ता नाही. मी म्हटलं, मालक भुकेले असतील, बरं केलं. सगळे हसले. दादाही हसला.

लॉन्ड्रीवाल्याकडे दुसरा टक्सिडो टाकला. परत येताना एक पेस्ट्री घेतली आणि एकटीने खाल्ली. वर्षभराची निश्चिंती आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

टक्सिडोचं पोटावरचं बटण निघालं होतं. मी चष्मा लावून सुईशी झगडत होते. दादाने सुई घेतली आणि पहिल्या फटक्यात दोरा ओवला. बटणही लावलं.

मी त्याचे हात बघत राहिले. मग बो त्याच्या गळ्यात टाकला आणि दोन्ही टोकं त्याच्या हातात दिली. हात दगडासारखे स्थिर. तो आरशात बघत उभा. बराच वेळ.

"यानंतर काय करतात गं?"

मी म्हटलं, आणि ती थरथर?

"थरथर सांगायला बरी पडते," दादा म्हणाला. "लोकांना कळते."