तपकिरी पोवळ्याला मी हिरवं म्हणाले

बा, तू मला ओळखणार नायस, हे मला ठाऊक आहे. आम्हा चार बहिणींना हाक मारताना तू नाव कायम चुकायचास, कळपातलं मेंढरू मात्र कुठल्या आईचं ते तू लांबून सांगायचास. म्हणून सांगते, मी तुझी धाकटी, लई बोलणारी. तू शाळेऐवजी मेंढरांमागं धाडलंस, म्हणून हे सुनेच्या हातानं लिहून घेतेय.

आमच्या घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. पोरगा वाळूजला कंपनीत गेला की सून तिच्यापुढं बसते. आत दगडावर मऊ पोवळी वाढतात, शर्टाच्या बटणाएवढी तोंडं, भोवती झालर, जातीजातीचा रंग वेगळा. सुनेपाशी त्यांची इंग्रजी नावं आहेत. मी मेंढरांसारखी ठेवली, कबरी, तांबडतोंडी, हळदी. आधी ती हसायची. मग नवा दगड आला की मलाच टाकीपुढं बसवायला लागली, "आई, ही आपल्याकडं आहे का वेगळी?" दोन हिरव्यांतला फरक तिच्याआधी मला दिसायचा. मी म्हणायचे, तो निळा दिवा बंद कर, दिव्यात सगळ्याच नटतात, खिडकीच्या उजेडात दाव. हे तुझंच शिकवणं.

त्यात एक तपकिरी जात विषारी. तिला मोज्याशिवाय हात लावायचा नाय, बोटाला चीर असली तर विष अंगात जातं, हे सुनेनंच मला सांगितलं होतं.

मागच्या महिन्यात निळ्या दिव्याखालीच तिनं एक दगड बशीत काढून माझ्यापुढं धरला. "आई, हिरवीच ना?" बा, मला नुसती राख दिसली. दिवाळीपासून माझ्या डोळ्यांतून रंग उतरत चाललेत, रोज सकाळी उठून मी आधी टाकी बघते, आज कोणता गेला म्हणून. कुणाला बोलले नव्हते. मी म्हणाले, "व्हय, हिरवीच. तुझे डोळे फुटले का?" ती हसली आणि दुसऱ्या दगडावर लावायला उघड्या हातांनी तुकडे कापायला बसली.

दगड तपकिरीचा निघाला. तासाभरात सुनेचे ओठ बधिर झाले, हात थरथरायला लागले. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर आहे, ती विचारतेय, "आई, हिरवीच होती ना?" आणि मी बाहेर दुकानांच्या पाट्या बघतेय, जशा काय मला वाचता येतात. दोन दिवसांनी ती दवाखान्यातून धडधाकट घरी आली. पोराला मी सांगितलं, तुझी बायकोच बेफिकीर, मोजे घालत नाय.

लासूरच्या बाजारात तू दुसऱ्याचं मेंढरू आपलं म्हणून ओढलंस, आठवतं? मी चारचौघांत म्हणाले, "बा, आंधळा झालास का?" सगळे हसले, मी पण. घरी येताना तू माझ्या मागं मागं चाललास, एक शब्द बोलला नायस. मला वाटलं, रागावलास. तू माझ्या पावलांच्या आवाजानं चालत होतास, हे मला आत्ता कळतंय.

सुनेचा पेन थांबलाय.

"लिही की."

"आई, हे तुम्ही त्यांना सांगताय का मला?"

"तो कधीचा गेलाय. तुलाच."

तिचं तोंड मला नीट दिसत नाय, त्यामुळं जास्तच भ्या वाटतंय. मग म्हणाली, "मी तिथं मरते का जगते, आणि तुम्ही पाट्या बघत होता?" मी म्हणाले, व्हय. तिनं नाक ओढलं. "उद्या डोळे दाखवायला जायचं. आणि यांना तुम्ही स्वतः सांगायचं, मी सांगणार नाय."

बा, डॉक्टर उशीर झाला म्हणाला तर काय करू? आणि पोरगं काय म्हणंल? हे पत्र कुठं धाडायचं नाय, जिला ऐकायचं होतं तिनं ऐकलं. सूनबाई, आता उठ आणि पोराच्या ताटासाठी शेंगदाण्याची चटणी अन् दोन भाकरी जास्त कर. संध्याकाळी मला जे सांगायचंय, ते त्यानं भरल्या पोटी ऐकावं.