सगळेच पत्ते पुसा

१५ सप्टें. २००३
पत्रा कापायचं मशीन आज पुन्हा हँग. पातं मधेच थांबलं म्हणून बरं. एखाद्या दिवशी थांबायच्या वेळी थांबणार नाही, आणि खाली कुणाचा तरी हात असेल.
कारण कळलंय. प्रोसेसर मेमरीतले नेहमीचे पत्ते स्वतःजवळ टिपून ठेवतो. माहितीची जागा बदलली की जुना पत्ता पुसायला हवा, नाही तर तो तिकडेच जाऊन भलतं काही वाचणार. आमच्या कर्नलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, पुसायच्या पाच तऱ्हा. कुठे कुठली, ते फक्त देसाई सरांना ठाऊक. कोड त्यांचा, टीमही त्यांचीच.

१७ सप्टें.
सरांना म्हटलं, पाचही काढू. जागा बदलली की सरसकट सगळे पत्ते पुसायचे, बस्स. हसले. "अगं वैशाली, किती स्लो होईल!" मोजलंत का? "मोजायला कशाला पाहिजे? कळतं." कळतं म्हणे!

२० सप्टें.
ऑफिसची रीत: मशीन हँग झालं की त्या जागी पुसायची आणखी एक ओळ घालायची, शेजारी आपलं नाव. दुसऱ्याची ओळ काढायची नाही, त्यात त्याचा अपमान. असली ठिगळं इतकी, की मूळ कापड दिसेना.
आज सगळी काढली. आधी माझी, मग सरांची. त्यांच्या जागी एकच ओळ: सगळेच पत्ते पुसा.

२३ सप्टें.
दिवसभर चाललं! सुरू व्हायला जरा वेळ घेतं, कापायचा वेग तोच. सरांनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझं नाव कुणी काढलं?" मी. "न विचारता?" विचारलं होतं सर, तुम्ही हसलात.
शेजारच्या टेबलावरून नीलेश हळूच, "सॉरी म्हण ना, विषय संपव." का म्हणू? चुकले असते तर शंभरदा म्हटलं असतं.
घरी नवरात्राची आवराआवर. आई सगळे डबे पालथे घालून बसलेली. "एकेक हुंगत बसलं की एखादा राह्यतोच, अन् अळी नेमकी त्यातच." हे सरांना कोण सांगणार? आईलाच पाठवावं अंबडच्या ऑफिसात.

२५ सप्टें.
सरांनी जुना कोड परत घातला. "डिलिव्हरी होऊ दे, मग तुझं बघू." उद्या मशीन जाणार. तपासणीची सही माझी लागते.
डोकं नुसतं तापलंय.

२६ सप्टें., घटस्थापना
"सही करणार नसशील तर सोमवारी येऊ नकोस." आवाज न चढवता म्हणाले. पेन टेबलावर ठेवलं, डबा उचलला, निघाले.
आई म्हणाली, "घट बसलेत, आज रडू नको." रडतंय कोण!
संध्याकाळी नीलेशचा फोन. टेम्पो दारात उभा, पण सर मशीन चढवू देत नाहीयेत. एकटेच स्क्रीनसमोर बसलेत. सही कुणाचीच नाही. कुठला कोड घातलाय, विचारलं. त्याला माहीत नाही.
सोमवारी मी जाणार. येऊ नकोस म्हणाले, तरी.