उपाशी मैलाशुद्धी केंद्र

तीर्थरूप मामा, तुमच्या चरणी (आज ते नदीत बुडवले नसतील तर) डोकं ठेवून नमस्कार.

तब्येत उत्तम असणारच. अंगाची खाज कमी झाली का? मामी सांगत होती, रोज नदीत पोहून आल्यावर जास्त खाजतं म्हणून डॉक्टरांनी साबण बदलायला सांगितलाय. अवश्य बदला. नदी बदलण्यापेक्षा साबण बदलणं केव्हाही सोपं.

इकडे माझं बरं चाललंय, म्हणजे नोकरी अजून आहे. भाचा मैलाशुद्धी केंद्रात केमिस्ट आहे हे तुम्ही चारचौघांत सांगत नाही, ते योग्यच. कारण आमच्याकडे टाक्या आहेत, पंप आहेत, फाटकाशी कारंजं आहे, फक्त मैला नाही. गावाचा मैला आणणारा मोठा पाइप एका सद्गृहस्थांच्या गुलाबाच्या वाफ्यापाशी येऊन थांबलाय, कारण त्यांनी कोर्टातून मनाई आणली. (सद्गृहस्थ ‘नदी वाचवा’ समितीचे अध्यक्ष आहेत. ते माझे कोण लागतात, हे मीही ऑफिसात कुणाला सांगत नाही.) त्यामुळे सगळा मैला पूर्वीसारखा सुखाने नदीत जातो आणि आमच्या टाकीतले मैला खाणारे जिवाणू उपाशी राहतात. त्यांना जगवायला मी साखर घालतो. पोटच्या पोरीला चॉकलेट नको म्हणणारा बाप जंतूंना पोत्याने साखर भरवतो, यावर बायको काय बोलते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

त्यातच तपासणी समिती आली. केंद्र चालू दिसावं म्हणून साहेबांनी मैला उपसणाऱ्या टँकरला एक खेप आणून ओतायला सांगितली, आणि जाता जाता ड्रायव्हरला बजावलं, “पाहुणे आहेत, वास येता कामा नये.” ड्रायव्हर आज्ञाधारक. त्याने टँकर घासूनपुसून धुतला, नळाचं पाणी भरून आणलं, टाकीत ओतलं आणि वर फिनेलचे डबे रिकामे केले. मी थांबा म्हणेपर्यंत सगळं टाकीत. इतके दिवस साखरेवर वाढवलेले माझे जिवाणू समितीच्या डोळ्यांदेखत गेले. मला खरंच वाईट वाटलं, मामा, हसू नका. समितीने दोन्हीकडच्या पाण्याच्या बाटल्या उजेडात धरल्या. टँकरमधून येणारं पाणी नितळ, टाकीतून जाणारं गढूळ. स्वच्छ पाणी घाण करून देणारं केंद्र त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. साहेबांनी त्यांना कारंजं दाखवलं, त्यांनी साहेबांना नोटीस दाखवली. महिनाभरात खरा मैला आला नाही, तर केंद्राला कुलूप. माझी नोकरी जाईलच, पण नदीचं कायमचं गटार होईल.

बाकी सर्व क्षेम. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : विनंती अशी काही विशेष नाही. ती मनाई तेवढी मागे घ्या. गुलाब मुळांसकट अलगद काढून, पाइप पुरून, पुन्हा होते तसे लावून देतो. मला या नदीत पोहायला तुम्हीच शिकवलंत. पोरगीही तुमच्याकडूनच शिकायचं म्हणते, आणि मी तिला काठावरसुद्धा उभं राहू देत नाही. याचं फार वाईट वाटतं.

ता. क. दुसरा : पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “धाकट्या भावाला कसल्या विनंत्या करतोस? मी उद्या त्याच्याकडे राहायला जाते. पाइप जोडला की परत येईन.” बॅग भरून झाली आहे. तिने थंडीचे कपडेही घेतलेत.