हनुमंताची बोट

रविवार, १६ नोव्हेंबर २००३

पुन्हा हनुमंत. जेवताना हर्षाली म्हणाली, "पप्पा, आम्ही शाळेतले शिक्षक सात डिसेंबरला मुंबईला विक्रांत बघायला जाणार. नौदलाच्या आठवड्यात लोकांना आत सोडतात. हनुमंतकाका येणारेत, त्यांचीच बोट ती, सगळं समजावून सांगणारेत." आणि मग हळूच — "तुमची ट्रॅक्स मिळेल ना? तुम्ही पण चला."

म्हणजे गाडी माझी, डिझेल माझं, आणि बोट बघायची त्याच्या डोळ्यांनी.

हो म्हणालो. पोरीला नाही कसं म्हणू? अंजना भाकरी वाढता वाढता हसली. बायकोला सगळं कळतं, म्हणून मी मान खाली घालून जेवलो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आणे गावाहून दुकानात एक इंजिन आलं होतं. आमच्या कारागिरांनी अर्धं खोलायला घेतलेलं. म्हटलं थांबा, चालू करा. स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला, मूठ कानाला. दुसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग. खोललं तर तेच निघालं. इंजिनवाले म्हणाले, "भागूशेठ, ह्यो कान हाय का डॉक्टरचं मशीन?"

बरं वाटलं. तासभरच. मग आठवलं की ह्याच कानांवर दुसरा कोणी बोटीवर गेला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. छत्तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, अंजनालासुद्धा नाही.

सदुसष्ट साली मी आणि हनुमंत महाळुंग्याहून पुण्याला भरतीला गेलो. दोघांकडे मिळून एकच पायजमा बरा होता. आळीपाळीनं घालायचं ठरलेलं — तिथं गेल्यावर कळलं की सगळ्यांनाच लंगोटीवर उभं करतात! हनुमंताचा डावा कान लहानपणी फुटून वाहायचा, तो कायमचा गेलेला. कानाची परीक्षा अशी, की उमेदवारानं डॉक्टरकडे पाठ करायची, शिपाई एक कान दाबून धरणार, डॉक्टर वीस फुटांवरून कुजबुजणार, आणि आपण तो शब्द परत म्हणायचा. पाठ डॉक्टरकडे म्हणजे तोंड आमच्या रांगेकडे. मी रांगेत पहिला.

शिपायानं त्याचा चांगला कान दाबला. डॉक्टर कुजबुजला, "बाईस." मला तिथवर स्पष्ट आलं. हनुमंताच्या चेहऱ्यावर काही नाही. तो माझ्याकडे बघत होता. डॉक्टरची नजर कागदावर होती, मी आवाज न करता ओठ हलवले. तो म्हणाला, "बाईस." मग "केला". मग "बैलगाड़ी". तिन्ही बरोबर.

तो पास. नंतर मी. माझे गुडघे एकमेकांना लागतात म्हणून घरी पाठवलं.

परत येताना पायजमा माझ्याकडे राहिला.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज देवळापाशी जानकू सरपंच म्हणाले, "सव्वीस जानेवारीला झेंडा नेहमीप्रमाणे नेव्हीवाल्यांच्याच हातून, काय भागूशेठ?" मी म्हणालो, "म्हंजे काय, दुसरं हाय कोण?" हसतच म्हणालो.

शाळेच्या मैदानातला खांब मी दिला. खांब माझा, दोरी त्याच्या हातात. ब्याऐंशीला पेन्शन घेऊन गावात आला तेव्हापासून दरसाल हेच. वर आदल्या दिवशी स्वतः घरी येतो — "भागू, पुढच्या खुर्चीत बस. माज्या समूर." खांबाच्या ह्या बाजूला तो, त्या बाजूला मी. राष्ट्रगीत सुरू होतं, हा सॅल्यूट ठोकतो, आणि झेंड्याकडे बघायचं सोडून बघतो माझ्याकडे! जिरवायला, दुसरं काय.

मीही उभ्या उभ्या माझं काम करून घेतो. जयहिंद झालं, टाळ्या सुरू झाल्या, की तोंडातल्या तोंडात. "आला भांडी घासणारा." "पगार घेऊन पाण्यावर तरंगला, झाला मोठा." एका वर्षी तर त्याच्या पोटावरून बोललो. शेजारी जानकू असतो, त्यालाही आजवर ऐकू गेलं नाही. तेवढं मी जपतो.

मंगळवार, २ डिसेंबर

हर्षाली तासभर बोटीबद्दल बोलत होती. माझ्या दुकानाबद्दल ती कधी सलग पाच मिनिटं बोललेली मला आठवत नाही. उपाशीपोटी जळक्या मोटारींच्या तारा भरायला शिकलो, शेठ झालो, तिला बीएड केलं. डोळे मात्र चमकतात ते हनुमंतकाका म्हणताना.

ठरवलं. सांगणार. बोटीवरच, सगळ्यांदेखत, तिच्यासमोर. कुणाच्या कानांवर चढला होता ते.

शनिवार, ६ डिसेंबर

गाडीचं ऑइल बदललं. काय बोलायचं ते दोनदा म्हणून पाहिलं. हसत हसतच सांगायचं, म्हणजे वाईट दिसणार नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

काल लिहायला जमलं नाही.

माळशेजनं गेलो. हनुमंत मागच्या सीटवर, सगळ्या मास्तरांच्या मध्ये. रांगेत दोन तास. बोट लांबून डोंगराएवढी, जवळून नुसती भिंत. माणसाला ती एका नजरेत बघताच येत नाही. मी आयुष्यभर लोखंडात हात घातला, पण एवढं लोखंड! बघतच राहिलो, आणि त्याचाही राग आला.

गावात हा काठी टेकत चालतो. काल काठी गाडीत ठेवून उतरला. आत दारं बुटकी, उंबरे उंच. हा बोलता बोलता प्रत्येक दारात बरोबर वाकत होता, बघतसुद्धा नव्हता. मी पहिल्याच दारात कपाळ फोडून घेतलं. "भागू, डोकं," तो म्हणाला, उशिरा.

खाली विमानं ठेवलीत, मग वर सपाट मैदान, तिथून ती उडायची. एका तरुण नौसैनिकाला हनुमंतानं आपला नौदलातला नंबर सांगितला. तो ताडकन सरळ झाला, "सर" म्हणाला. हर्षालीनं माझ्याकडे बघितलं — बघितलंत? असं. बघितलं, बाई.

मग एका अरुंद जिन्यापाशी आलो. खाली जायला बंदी, साखळी लावलेली. हनुमंत साखळी धरून उभा राहिला.

"खाली माजं घर," म्हणाला. "बॉयलर. इकात्तरच्या लढाईत चारातला एक तडकलेला व्हता. तीनावर चालवली हिला."

मी नकळत भिंतीला कान लावला. सवय. आत काहीच नाही. वरच्या लोकांच्या चपला तेवढ्या. एवढं मोठं इंजिन आणि असं गप्प. क्षणभर वाईट वाटलं, मग मनाला म्हटलं, हीच वेळ. घसा साफ केला. तोंड उघडलं.

तेवढ्यात हर्षालीनं विचारलं, "काका, एवढ्या आवाजात एकमेकांचं ऐकू कसं यायचं?"

"ऐकायचंच न्हाई, पोरी. व्हट वाचायचे. समोरचा नुसतं तोंड हलवनार, आपन समजून घ्यायचं. बाकीच्यांना शिकाया सा-सा म्हैने लागले. मी शिकूनच गेल्तो." आणि माझ्याकडे बघून — "आता तर सवयच झाली. शाळंचं येवढं मैदान आसूंद्या, पल्याड कोन काय बोलतंय, दिसतं मला."

येवढं मैदान.

मी तोंड मिटलं. परतीच्या वाटेवर गाडीच्या आरशात दोनदा बघितलं. दोन्ही वेळा तो माझ्या तोंडाकडे बघत होता. घाटात कुणीतरी म्हणालं, भागूशेठ आज गप्प का? मी कपाळ दाखवलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

एकवीस सव्वीस जानेवाऱ्या. भांडी घासणारा. पोट. आणि ते एक, जे इथंही लिहिणार नाही.

एकवीस वर्षं वाचतोय. आणि तरी दरसाल घरी येऊन म्हणतो, माज्या समूर बस. असला कसला माणूस?

मला आता त्याच्या बोटीचा नाही, ह्या मनाचा हेवा वाटतो. हा जास्त वाईट आहे.

रविवार, २५ जानेवारी २००४

आला. ओसरीवर बसला, चहा घेतला. नेहमीचं वाक्य. मी म्हणालो, यंदा नको, मी मागं उभा राहीन, गर्दीत.

त्याचा चेहराच उतरला. आत अंजना आहे का बघितलं आणि माझ्याकडे सरकला.

"भागू, मागं नको. डावा कान तर तुला म्हाईतीच हाय. उजवा बॉयलरनं खाल्ला. पोरं गातात ती मला येक अक्षर येत न्हाई. गानं कुठवर आलं ते तुज्या व्हटांवर बघतो. तू मागं गेलास तर सॅल्यूट सोडू कवा?"

मी माझी बशी पुसली.

"आन् गानं संपल्यावर?" मी विचारलं. आवाज न करता विचारलं.

"संपल्यावरचंबी दिसतं," तो म्हणाला. "भांडी न्हाई घासली, भागू. बॉयलर घासला." आणि बशीतला चहा भुरकला.

सोमवार, २६ जानेवारी

समोर उभा राहिलो. तोंड भरून राष्ट्रगीत म्हटलं. हर्षाली मुलांच्या रांगेतून बघत होती, पप्पांना आज काय झालंय म्हणून.

शेवटचं "जय हे" संपलं. मुलं गप्प झाली, जानकू गप्प झाला. मी ओठ उघडेच ठेवले. एक क्षण. दोन. हनुमंताचा हात कपाळाला तसाच. अख्खं गाव सावधान.

मग मिटले. हात खाली आला.

घरी येताना हर्षालीनं कारण विचारलं. सांगितलं नाही.