सोडलेली खेप

अण्णा, तुमची कात्रणांची पिशवी काल सापडली. मी आता उलव्यात राहते. तुमच्या वेळी तिकडे भातखाचरं आणि खाडीचा चिखल होता; आता मी तिथे सातव्या मजल्यावर माळा आवरते. आईच्या लुगड्याच्या घडीखाली ती पिशवी होती, आणि तिच्यात सरकारी घरांच्या जाहिराती, पेपरातून ब्लेडने नीट कापलेल्या. प्रत्येकीत घरांचा तक्ता आणि तक्त्याच्या शेवटच्या ओळीखाली तुमच्या हातची निळी रेघ. ती ओळ आपली होती, सगळ्यात कमी कमाईवाल्यांची, एक खोली आणि स्वयंपाकघर. मी सगळी कात्रणं फरशीवर मांडली. वरच्या ओळींतले घरांचे आकडे फुगत गेलेत आणि आपल्या ओळीतला दरवेळी आटत गेलाय. रेघ मारणाऱ्याला हे दिसलं नसेल, असं कसं म्हणू? पण आईने विषय काढला की तुम्ही म्हणायचात, "आकडा कमी का असंना, वळ हाय नव्हं? मग झालं तर."

घणसोली गावठाणातली आपली भाड्याची खोली मला अजून वासासकट आठवते. आई स्टोव्हला पंप मारते आहे, रॉकेलचा भपकारा येतो, ती पदर तोंडाला लावते आणि तरी तिला ढास लागते. दम्याने तिचं बोलणंसुद्धा अर्ध्यावर तुटायचं. तुम्ही दाणा मार्केटातून येता आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून बंडीचे खिसे उलटे करून झटकता. खरं म्हणजे गाळ्याच्या दारात ते एकदा झटकलेलेच असतात. पाठीवरून पोती वाहणाऱ्या माणसाच्या खिशात दोन-चार दाणे आपसूक सांडतात, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. तुम्ही मात्र म्हणायचात. मार्केटात तुम्हाला त्यावरून चिडवायचे आणि तुम्ही हसून खिसे झटकत राहायचात.

तुमच्या टोळीची एक रीत होती. गाडी लागली की एकेकाने आपापल्या खेपेला उभं राहायचं. कुणाची पाठ धरली असेल, घरी कुणी आजारी असेल, तर त्याने खेप सोडायची; मागचा पुढे यायचा. पण सोडणाऱ्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही, पुढच्या गाडीला पहिला उभा राहणार तो. ना कागद, ना सही. अख्ख्या हयातीत ही रीत मोडलेली तुम्ही पाहिली नव्हती. त्यामुळे जगात सगळीकडे असंच असतं, असं तुम्हाला वाटायचं. मला तुमचा राग येतो तो इथे, अण्णा. आणि रडूही इथेच येतं.

मी तेव्हा पावण्याला एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मराठी मजकूर जुळवायचे. नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन आणून दिलं होतं. कॉम्प्युटरवाल्या मुलीला शाईचं पेन! मी हसले होते. घरांच्या योजनांची माहितीपुस्तकं आमच्याकडे छापायला यायची. पहिलंच पुस्तक आलं तेव्हा मी त्यातलं तक्त्याचं कच्चं पान घडी करून घरी आणलं, जाहिरात यायच्या आधी तुम्हाला दाखवायला. तुम्ही ते हातातसुद्धा घेतलं नाहीत. "मालकाच्या घरचं हाय ह्ये. आत्ताच्या आत्ता जाऊन ठिऊन ये." संध्याकाळची बस पकडून मी परत पावण्याला गेले, पान जागेवर ठेवलं, आले. जेवताना तुम्ही एवढंच बोललात, "खिसं झटकून यायचं, बाय." मला इतका अपमान वाटला की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

मग सोडतीत तुमचं नाव निघालं. मुकादमाने पेढे वाटले, टोळीने तुम्हाला उचलून घेतलं. पण घर मिळालं चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, आणि तेही पार दूरच्या नव्या वसाहतीत, जिथे तेव्हा दिवसातून दोनदा बस जायची. आपण तिघं बघायला गेलो. आई दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली. वरच्या खोलीला दोन खिडक्या होत्या, भिंतींना ओल्या चुन्याचा वास होता. तुम्ही नळ सोडून पाहिलात आणि पाणी येत नव्हतं तरी मान डोलावलीत. उतरताना आई म्हणाली, "मी चढंन हळूहळू. घर आपलं आसंल." तुम्ही म्हणालात, "चढशील. आन मग? खाली कधी उतरनार तू?" आणि मग माझ्याकडे हात करून, सहज, "हितनं हिची पावण्याची नोकरी काय व्हायची न्हाय. ती सोडावी लागंल." मी परत वर गेले आणि उघडा राहिलेला नळ बंद केला.

घर घ्यायचं की परत करायचं, हे कळवायला पंधरा दिवस होते. त्याच पंधरा दिवसांत पुढच्या योजनेचं पुस्तक आमच्याकडे जुळणीला आलं. तक्ता मीच जुळवला. खाली येत गेले आणि ओळी संपल्या. आपली ओळ नव्हती. एखादं पान राहिलं असेल म्हणून मी मूळ कागद पुन्हा चाळले, साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "लहान घरं काढून टाकलीत त्यांनी. तू कशाला टेन्शन घेतेस? आहे तसं टाइप मार."

त्या दिवशी घरी आले तर तुम्ही सतरंजीवर फुलस्केप कागद मांडून बसला होतात. "तुझं अक्षर चांगलं हाय. लिही." आई मागून म्हणाली, "आवो, इचार करा. हातातलं घर सोडू ने." तुम्ही तिला समजावत होतात, अगदी मायेने. "खेप सोडली म्हंजी काय आपुन टोळीतनं उठलो व्हय? फुडच्या गाडीला आपुन पयलं. तळमजला मागून घिऊ." मी तुमच्याच पेनाने लिहिलं: पत्नीच्या आजारपणामुळे घर स्वीकारता येत नाही. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले: पुढील योजनेत तळमजल्याच्या घरासाठी माझा प्रथम विचार व्हावा, ही नम्र विनंती. पुढच्या योजनेत विचार करायला काही उरलेलं नाही, हे त्या खोलीत एकट्या मलाच माहीत होतं. अर्ज सुरेख झाला. तुम्ही खाली सही केलीत आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसलात.

पुढचं पुस्तक विक्रीला आलं तेव्हा तुम्ही जाहिरातीची वाट न बघता रांगेत उभं राहून आणलंत. तक्त्यावरून बोट खाली येतंय, थांबतंय. तुम्ही पान उलटून मागे बघता, पुन्हा पुढे. मी भाकरी थापते आहे. "ह्ये तुमच्याकडंच छापलं?" मी हो म्हटलं. तुम्ही पुस्तक मिटून मांडीवर ठेवलंत. मला वाटलं, आता उठून थोबाडीत माराल. मारली असती तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "खिसं झटकून आलीस. बरं केलंस." आणि पाणी मागितलंत. रेघ मारायला आपली ओळच नव्हती, म्हणून ते पुस्तक पिशवीत नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहिते. घरमालकीण म्हातारी दारात येऊन रडली होती, "पोरांना बिल्डिंग बांदायची हाय, मी कोन बोलनारी?" कौलं उतरली, चार मजले चढले, आणि आपल्याला परवडेल अशी खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, पुन्हा भाड्याचीच. ज्या जिन्यासाठी घर सोडलं, तो जिना आई सहा वर्षं चढली. प्रत्येक मजल्यावर बसायची. तुम्ही एक पायरी मागे, हातात पाण्याची बादली, ती उठेपर्यंत उभे. तिला कधी चल म्हणाला नाहीत. ती गेली तेव्हा तिला त्याच जिन्यावरून खाली आणलं, आणि दोन वर्षांनी तुम्हाला.

माझी नोकरी मात्र राहिली. त्या छापखान्यात मी पुढे सुपरवायझर झाले, तिथेच ह्यांची ओळख झाली, आणि दोघांच्या पगारावर हे घर झालं. नातेवाईक म्हणतात, बापाचं स्वप्न पुरं केलंस. मी चहा टाकायला आत जाते.

हे पत्र घालायला पत्ता नाही, म्हणून कात्रणांच्या पिशवीत ठेवते आहे. तुमची शाबासकी तेवढी परत घ्या, अण्णा. मी गप्प बसले, ते तुमच्या शिकवणीमुळे नाही. मला नोकरी सोडायची नव्हती. त्या दिवशी मी खिसे झटकले नव्हते.