एकटी कोणाला म्हणायचं

४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू बाथरूममध्ये पडलीस, दोन तास उठता आलं नाही, आणि हे मला शेजारच्या वकीलबाईंकडून कळावं? फोनवर मात्र सगळं झकास.

आमच्या ऑफिसात एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांची यादी असते. त्यांना रोज सकाळी फोन जातो. उचलला नाही तर तुझ्याच गावातला आमचा माणूस दारात. फॉर्म सोबत आहे. ‘एकट्या राहता का?’ यापुढे ‘होय’ लिही आणि पाठव. मला तुझ्याकडे पोचायला पुरता दिवस लागतो, ताई.

रागावलेली, तरी तुझीच
धाकटी

११ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

खोटं कसं लिहू? माझा नवरा हयात आहे. शुश्रूषा केंद्रात असतो, एवढंच. पूर्वी हे महिना महिना दौऱ्यावर असत, तेव्हा मला कुणी एकटी म्हटलं नाही. मग या चौदा महिन्यांत मी नेमकी कुठल्या तारखेला एकटी झाले, ते ऑफिसात विचारून कळव. लहानपणी तू मिठाच्या डब्यावरही नावाची चिठ्ठी लावायचीस.

शिवायला बसले की रेडिओ लावते. बातम्या ऐकत नाही. कुणी बोलत असलं की बरं वाटतं. पण त्याला दुसरा काही शब्द असेल.

गुडघा ठीक आहे. माया आटू देऊ नकोस.

ताई

१५ जून

ती. ताईस सा. न.

तारीख मला ठाऊक नाही. कितव्या केसाला डोकं पांढरं झालं, हेही कुणी सांगू शकत नाही. म्हणून काय तुझे केस काळे? भावोजींना घरातून कुणी काढत नाहीये. त्या दिवशी हाका मारल्यास, तेव्हा कोण आलं, एवढंच कळव.

धाकटी

२२ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

कुणी आलं नाही.

हे हल्ली मला ओळखत नाहीत, शिंपीणबाई समजतात. केंद्रात सदऱ्याचं माप घ्यायला गेले की मान ताठ करून उभे राहतात. काल मात्र मधेच बूट शोधू लागले. म्हणाले की बाई, बाकीचं उद्या, बायको घरी एकटी असेल. मी म्हटलं, तिला आता सवय झाली असेल. तर म्हणाले की ती तसंच सांगते, तिचं ऐकू नका.

घरी आले आणि ‘होय’ लिहिलं. तुझ्या ऑफिसनं म्हटलं म्हणून नव्हे.

लोभ ठेव, आणि भांडायचं सोडू नकोस.

ताई