कवळी कपात, जेवण मिक्सरात

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तू, भाऊजी आणि तुझा गुडघा असे तिघंही ठीक असाल अशी आशा करतो. (गुडघ्याचं वेगळं विचारतो, कारण मागच्या फोनवर तू त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखी बोलत होतीस.) आमच्याकडे सगळ्यांच्या तब्येती उत्तम आहेत आणि मी मात्र मरायला टेकलोय.

बाबा तुझ्याकडून माझ्याकडे राहायला आले आणि मी लगेच त्यांच्यासाठी नवी कवळी करायला घेतली, हे तुला ठाऊक आहेच. उभा जन्म लोकांच्या कवळ्या करण्यात गेला आणि आपल्याच बापाच्या तोंडात मला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी कधीकाळी केलेली ती पिवळी, झिजलेली कवळी, याची मला लाज वाटायची. (नवी बघायला तू आलीस तेव्हा ती जुनी तुझ्या पिशवीत कोंबली होती, वाटेत कुठेतरी टाकून दे म्हणून. टाकली असशीलच.) नवीत मी जीव ओतला. बाबांचा लग्नातला फोटो भिंतीवरून उतरवला, भिंग लावून बसलो आणि दातन् दात त्याबरहुकूम केला. तीच लांबी, तोच भरदारपणा, समोरची ती बारीकशी फटसुद्धा. घातल्यावर बाबा इतके रुबाबदार दिसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्याही आलं, तू पाहिलंसच.

आता अशी कवळी तोंडात असताना माणसाने काय खावं? पेरू, शेंगदाणे, कणसं! मी पिशवी भरून आणली. आणि नेमकं तेव्हाच तुझ्या भावजयीच्या डोक्यात पौष्टिक खाण्याचं खूळ शिरलं. आपले पूर्वज म्हणे जवस, नाचणी, राजगिरा खाऊन ठणठणीत राहायचे. राहत असतील बापडे, पण ते चावत तरी होते! ही सगळं भिजवते, दळते, वर केळं, पपई, बीट नाहीतर पालक ढकलते आणि मिक्सर फिरवते. नाश्ता ग्लासात, दुपारचं ग्लासात, आणि संध्याकाळी जरा बदल म्हणून वाटीत (चमचा नुसता शोभेला). मी आणलेले पेरूही त्यातच गेले. आज काय आहे ते आता चवीवरून नाही, रंगावरून ओळखायचं.

कामावर न्यायलाही डबा नाही, बाटली. परवा प्लास्टर कालवताना पाणी समजून मी तीच ओतली. एका बाईंच्या जबड्याचा साचा गुलाबी झाला आणि जवसाच्या बियांनी टाळूभर खड्डे पडले. त्यांच्या दातांच्या डॉक्टरांचा मला फोन आला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी शांतपणे विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. काय सांगणार, कपाळ?

पण सगळ्यात जिव्हारी लागतं ते बाबांचं. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते मिटक्या मारत ग्लास रिकामा करतात आणि कवळी दिवसभर कपातल्या पाण्यात पडून असते. मी रोज सकाळी विचारतो, नीट बसते ना? ते म्हणतात, झकास. हिच्याशी भांडून पाहिलं. एरवी एकाला चार सुनावणारी बाई, पण या बाबतीत नुसता माझ्यापुढे ग्लास आदळून निघून जाते आणि स्वतःही तेच पिते, नाक दाबून. ताई, माझ्या हातची सगळ्यात सुंदर कवळी कपात बुडालीय आणि आपला बाप तान्ह्या मुलासारखा पातळ पितोय, हे मला बघवत नाही. तू मोठी आहेस. हिला फोन करून चांगली खडसाव. या घरात एकदा तरी काहीतरी कुरकुरीत होऊ दे.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्यालाही.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवायला डिंक शोधत स्वयंपाकघरात गेलो, तर बाबा तोंड उघडून बसलेले आणि ही कापसाने त्यांच्या हिरडीला औषध लावतेय. हिरडी पार सोललेली. मला बघून हिने चोरी पकडल्यासारखा कापूस मुठीत लपवला. मग बाबाच म्हणाले, "अरे, तू इतक्या हौसेनं केलीस. टोचते म्हणून कसं सांगायचं?"

पहिल्या दिवसापासून टोचत होती. डोळ्यांतलं ते पाणी त्याचं होतं. एकट्या बाबांनाच पातळ दिलं तर मला कळेल, म्हणून हिने अख्ख्या घराला पाजलं. पूर्वजबिर्वज सगळी थाप. वय झालं की हिरडी झिजते, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, आणि बापाच्या तोंडात नवरदेवाचे दात बसवून मोकळा झालो. हिला फोन करू नकोस.

ता. ता. क. ती जुनी कवळी. आयुष्यात तू कधी काही टाकलेलं नाहीस, यावर आता माझी सगळी भिस्त आहे. असेल तशी, मिळेल त्या गाडीने पाठव. बाबा जेवतील तरी. पुढची करताना फोटो भिंतीवरच राहील, उस्तादांचीच समोर ठेवीन.

तोवर आम्ही तिघंही पितोय. आज बिटाचं होतं. मी आणखी मागितलं, तसे बाबा हसले. तोंडात एकही दात नव्हता, आणि अगदी फोटोतल्यासारखे दिसले.